बांधापाशी थांबणारी गोष्ट

बांध आला की छबूमावशी गप्प व्हायची. गोष्टीतली बाई विहिरीच्या काठावर उभी असो, नाहीतर तिच्या हातात नवऱ्याची न फोडलेली चिठ्ठी असो. पात संपली की मावशी उठायची, पदर झटकायची आणि कळशीकडे पाणी प्यायला निघायची. पात म्हणजे खुरपताना प्रत्येकीच्या वाट्याला येणारा पिकाचा पट्टा. आम्ही दहा-बारा जणी आ वासून तिच्याकडे बघत राहायचो. पुढचं ऐकायचं तर पुढची पात धरायला हवी, म्हणून बायका लगबगीने जाऊन बसायच्या. माझे वडील याबाबतीत भलतेच धूर्त होते. आमच्या कोऱ्हाळ्याच्या रानात कांद्याची खुरपणी निघाली की पहिला सांगावा छबूमावशीला जायचा, कारण ती असली की दोन दिवसांचं काम दीड दिवसात उरकायचं.

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते आणि सुट्टीत आईबरोबर खुरपायला बसायचे. मावशी सिनेमे सांगायची. बाजाराच्या दिवशी ती मेथीची पाटी घेऊन बारामतीला जायची आणि येताना नवा सिनेमा घेऊन यायची. पाटी लवकर खपली म्हणून थेटरात बसले, म्हणायची. नाव विचारलं तर खेकसायची, नावाशी तुला काय करायचंय, हात चालव.

तिचे नियम कडक होते. कुणी मधेच विचारलं, की ती बाई गावाहून शहरात पोचली कशी, तर मावशी म्हणायची, "यष्टीत काय घडलं न्हाय तर यष्टी दावायची न्हाय. निगाली आन पोचली." कुणी नायिकेची कीव करून तिचं लवकर भलं होऊ दे म्हटलं, तर म्हणायची, "बाईला काय पायजे ते आदी सांगावं. आन मग लगीच द्यायचं न्हाय. दिलं की उठून जात्यात समदी." आणि रडण्याबद्दल तर तिचं ठाम मत होतं. "तोंडावर रडली की बगनारं रडत न्हाय. पाठ करून रडावं."

पुढे मी पुण्यात पटकथा शिकायला गेले. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं: पात्राला काय हवं आहे, ते मिळण्यात अडथळा काय, प्रसंग कुठे तोडायचा. मी पेन हातात धरून तशीच बसले. भरभक्कम फी भरून मी जे शिकायला आले होते, ते माझ्या बापाच्या कांद्यात मला फुकट मिळालं होतं.

मावशीचा एक सिनेमा मात्र अर्धाच राहिला होता. त्यातल्या बाईला सासरच्यांनी हाकललेलं असतं आणि तिची दोन वर्षांची मुलगी ठेवून घेतलेली असते. बाईला काय पायजे, तर ती मुलगी. बऱ्याच वर्षांनी ती हिंमत करून त्या दारात जाते. एक परकर-पोलक्यातली पोर बाहेर येते आणि विचारते, कोण पाहिजे? बाई म्हणते, कोण नाही, पाणी प्यायला आले. पोर तांब्या भरून आणते. तीच तिची मुलगी. तिथे बांध आला. आम्ही धावत पुढची पात धरली, पण त्या दिवशी मावशीने पुढचं सांगितलंच नाही. थेटरातली लाइट गेली, पुढचं बघितलंच नाही, म्हणाली. बायकांनी तिला दिवसभर बोल लावले. मीही लावले.

तो तांब्या माझ्या डोक्यातून गेला नाही. माझी पहिली पटकथा मी त्या प्रसंगावरच उभी केली आणि शेवट माझ्या मनाने लिहिला: पोर रिकामा तांब्या परत घेताना बाईच्या हनुवटीवरचं गोंदण बघते, आपल्या आईच्या हनुवटीवर असंच गोंदण होतं, असं ऐकलेलं तिला आठवतं, आणि ती बाईला मिठी मारते. निर्मात्याला पटकथा आवडली. मग त्याने एक कागद पुढे केला. ही गोष्ट कुठल्याही सिनेमातून उचललेली नाही, असं लिहून द्यायचं होतं. गोष्ट उचललेलीच होती. तो सिनेमा शोधून परवानगी घ्यायची, नाहीतर तो प्रसंग काढायचा. आणि तो काढला तर पटकथेत उरत काय होतं?

मी पहिली गाडी धरून कोऱ्हाळ्याला आले. मावशी आता थकली होती. भावाच्या ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी तिला तांब्याची आठवण करून दिली आणि त्या सिनेमाचं नाव विचारलं.

"मी कवाच शिनेमा बगितला न्हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, वयामुळे विसरत असेल. पण ती सरळ सांगत होती. पाटी घेऊन ती थेटरासमोर बसायची. मेथी विकता विकता पोस्टरवरची तोंडं बघायची आणि त्यांच्या गोष्टी मनाशी जुळवायची. थेटरात तिने कधी पाऊलही टाकलं नव्हतं. घरात टीव्ही आला, तर पहिल्या जाहिरातीलाच तिचा डोळा लागायचा. ज्या बाईचे सिनेमे ऐकून मी सिनेमावाली झाले, तिने एकही पाहिला नव्हता. धक्क्यापाठोपाठ, खोटं कशाला बोलू, मला हायसंही वाटलं. गोष्ट चोरीची नव्हती. मी आनंदाने विचारलं, "मग तो तांब्याचा प्रसंग कुठून आणलास?"

"कळंबहून," मावशी म्हणाली.

इंदापूर तालुक्यातलं कळंब तिचं सासर होतं. छबू नांदत नाही, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. आमच्याकडे त्यापुढे कुणी विचारत नाही. तिला मूल होतं, हे मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या हनुवटीवरचं हिरवं गोंदण मी लहानपणापासून बघत होते, ते उचलून माझ्या पटकथेत घातलं होतं, आणि तरीही मला काही दिसलं नव्हतं. आम्ही हिला दिवसभर पुढचं विचारून छळलं होतं. पुढे काय झालं, असं आता विचारायची माझी छाती झाली नाही. तिनेच सांगितलं.

"पानी प्याले, तांब्या पालथा घातला, आन आले."

मी म्हणाले, मी ही गोष्ट काढून टाकते, तुझी आहे. तिने ते ऐकलंच नाही. तू काय लिवलंस, ते वाच म्हणाली. मी पिशवीतून कागद काढले आणि शेवट वाचला. गोंदण, मिठी, सगळं. वाचताना माझी मलाच लाज वाटली. मावशी मेथीची काडी हातात धरून ऐकत होती.

"परत वाच."

मी परत वाचला. मग म्हणाले, मावशी, हा शेवट तरी मी बदलते. तूच शिकवलंस, बाईला जे पायजे ते द्यायचं नाही.

"लगीच द्यायचं न्हाय, म्हनले व्हते," ती म्हणाली. "लई वर्सं न्हाय दिलं की गं. आता दिऊन टाक."

मी निर्मात्याच्या कागदावर 'कथा' या शब्दापुढे तिचं नाव लिहिलं आणि तिने वेडंवाकडं अक्षर जोडत सही केली. चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच मावशी गेली. त्या दिवशी सही झाल्यावर तिने मेथीची जुडी उचलली, भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ निवडत बसली.