उणे एकाचे चौकोन

दस्तगीरभाई गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं, तेही मंडईत, दुसऱ्याच कुणाकडून. भाजीची पिशवी हातात तशीच धरून उचगावला त्यांच्या घरी गेलो... माती केव्हाच झाली होती. आता सहा आठवडे होत आले. लिहायला बसलं की थकवाच येतो. पण त्यांना तोंडावर सांगायचं राहिलं ते इथं तरी सांगून टाकावं.

संगणक केंद्रात मी प्रोग्रॅम लिहायचो आणि ते कार्डं पंच करायचे, म्हणजे यंत्राला वाचता यावं म्हणून आकड्यांची भोकं पाडायचे. परीक्षेचा निकाल पहिल्यांदाच यंत्रावर घेतला होता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांसाठी यंत्रात एकेक कप्पा राखायचा. त्यात आधीच्या कामाचं काहीबाही उरलेलं असतं, म्हणून सगळे कप्पे सुरुवातीलाच एका आकड्यानं भरून घ्यायचे. मी शून्यानं भरले. दस्तगीरभाई पंच करता करता थांबले. “सर, शून्य नका की घालू. शून्य खरंच पडतंय कुणाला तरी. उणे एक घाला, त्ये कुणालाच पडत न्हाय. पेपर आला नसंल तर लगेच दिसंल.” मी तेव्हा फार शहाणा होतो. “तुम्ही आपली कार्डं बघा,” म्हणालो.

नेसरीच्या एका मुलीचा गणिताचा पेपर भलत्याच गठ्ठ्यात अडकला होता. तिच्या कप्प्यातलं माझं शून्य तसंच राहिलं आणि तसंच फळ्यावर लागलं. महिन्याभरानं चूक उघडकीला आली. केंद्राच्या साहेबांनी खडसावलं तेव्हा दस्तगीरभाई म्हणाले, “कार्ड माझ्याकडनंच चुकलं असंल.” मी... गप्प बसलो. लाज वाटते, पण बसलो खरा.

दुसऱ्या दिवशी सुधारलेली गुणपत्रिका घेऊन आम्ही दोघं एसटीनं नेसरीला गेलो. बहात्तर गुण होते. मुलीनं कागद वाचला, घडी घातली आणि बापाच्या हातात दिला. “कालिज बंद केलं तिचं. लगीन ठरलंय,” बाप म्हणाला. “लई उशीर केलासा, पावणं.” परतीच्या गाडीत दस्तगीरभाईंनी शेंगा घेतल्या, निम्म्या मला दिल्या. ‘मी सांगितलं होतं’ असं ते उभ्या जन्मात म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

परवा त्यांच्या घरी, भाभींकडे गेलो. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान अजून उलटलेलं नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून दस्तगीरभाई रोजच्या फेऱ्या तारखेच्या चौकोनात लिहीत. एक तारखेलाच सगळे चौकोन पेन्सिलीनं उणे एकनं भरायचे, मग रोजचा एक खोडून तिथं फेऱ्या लिहायच्या. चालले नाहीत त्या दिवशी शून्य, प्रामाणिक. अकरा तारखेला चार फेऱ्या. पुढं सगळे उणे एक.

मला राहवलं नाही. “भाभी, ती नेसरीची चूक माझी होती.”

“ठावं हाय की मला,” त्या म्हणाल्या. “त्याच दिशी सांगिटलं त्येनी. मी मधनंमधनं इचारायची, सर काय बोललं का? तर म्हणायचं, न्हाय म्हणू नगंस, उणे एक म्हण. अजून आलं न्हाय, एवढंच.”