वाळ्याचं इंग्रजी नाव

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. कुंभकोणमच्या शाळेत मी शेवटच्या वर्षाला होते. इंग्रजीच्या धड्यात ‘व्हेटिव्हर’ हा शब्द आला. पिण्याच्या पाण्यात टाकतात ती सुगंधी मुळी, म्हणजे आपला वाळा. शब्द फ्रेंच आहे, असं मास्तरांनी ऐटीत सांगितलं. मी उभी राहिले. “सर, शब्द तमिळ आहे. वेट्टिवेर. वेर म्हणजे मूळ. बाजारातली भाजीवालीसुद्धा सांगेल.”

भाजीवालीला मध्ये आणायला नको होतं. वर्ग खिदळला आणि मास्तर लालबुंद झाले. “घरी मराठी बोलणारी तू, आम्हाला तमिळ शिकवतेस?” उद्या वडिलांना घेऊन ये, माफी माग, नाहीतर शाळा सोड, असा हुकूम निघाला.

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरात इतकी शिकलेली मुलगी मीच पहिली, आणि माझं लग्न उरकायला काका टपलेलेच होते. अप्पांनी कपाळाला हात लावला. “मास्तरांला असं कां म्हणट्लीस? माफी मागून मोकळी हो.” मला रडू येत होतं, पण खोटी माफी तोंडातून निघणार नव्हती. मी हट्टी होते. अजूनही आहे.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत मी म्हटलं, “आधी शब्दकोश बघा. माझं चुकलं असेल तर दप्तर उचलून आत्ता घरी जाते.” अप्पांनी डोळेच मिटले.

बाईंनी कपाटातला जाडजूड कोश काढून मास्तरांपुढे ठेवला. शब्द सापडला. अर्थाच्या शेवटी, बारीक अक्षरांत, त्याचं मूळ दिलं होतं.

“फ्रेंचवरून,” मास्तरांनी वाचलं आणि कोश पटकन मिटला.

बाईंनी मात्र कोश ओढून घेतला, पान पुन्हा काढलं आणि स्वतः वाचू लागल्या. फ्रेंचनंतर नुसता स्वल्पविराम होता. त्यापुढे छापलं होतं, तमिळ ‘वेट्टिवेर’वरून. आमच्या बाजारातला शब्द फ्रेंचांच्या घरी मुक्काम करून इंग्रजीत गेला होता! पुढे पदवी मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नाही.

बाई अप्पांना म्हणाल्या, “तुम्ही या आता. मुलगी इथंच राहील.”

उंबऱ्याबाहेर अप्पा फक्त तमिळ बोलायचे, तेही हळू आवाजात. त्या दिवशी मास्तरांसमोर, खणखणीत आवाजात, आमच्या घरच्या मराठीत ते मला म्हणाले, “जा बाई, वर्गांत जाऊन बैस.”

मी गेले आणि पहिल्या बाकावर बसले.