गोणीचा दोरा

टाकेबाईंना डिवचू नये, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बिल्लेसंग्राहक मंडळाच्या अध्यक्षांना ते ठाऊक नव्हतं, त्याला कोण काय करणार!

बाई हयातभर गणवेश शिवत आल्या. जुन्या बाजारात लष्करी कोटांचे ढीग यायचे, त्यातून त्या नेमबाजीचे बिल्ले हुडकायच्या. बाहीवर शिवायचे, कापडी, दोन बंदुकांची फुली काढलेले. एका बिल्ल्यासाठी अख्खा कोट घरी यायचा. नवरा विचारायचा, या घरात माणसं राहतात की पलटण? बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. बाकीचे संग्राहक बिल्ला धुऊन, जुने दोरे उपटून, इस्त्री करून ठेवत. बाई दोऱ्याला हात लावू देत नसत. दोरा काढला की बिल्ल्याची जीभ कापली, असं त्यांचं म्हणणं.

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो एका बिल्ल्यापायी. तो त्यांच्या वडिलांचा. वडील पलटणीत आचारी होते. वर्षातून एकदा आचाऱ्यालाही नेम धरावा लागे, आणि एका वर्षी या माणसाने भल्याभल्यांना पाणी पाजलं. बिल्ला मिळाला, पण पलटणीच्या शिंप्याने नाक मुरडलं. आचाऱ्याच्या बाहीवर आपण बिल्ला शिवणार नाही म्हणाला. वडिलांनी पिठाच्या गोणीचा जाड पांढरा दोरा उसवला आणि स्वतःच्या हाताने शिवला. लोक मात्र शेवटपर्यंत त्यांना 'पळीबहाद्दर' म्हणत राहिले. ते बाईंच्या जिवाला लागलं होतं.

यंदाच्या प्रदर्शनात बाईंनी तो बिल्ला पहिल्यांदाच मांडला. शेजारी चिठ्ठीवर वडिलांचं नाव लिहिलं. पुढे हुद्दा लिहायला मात्र हात धजला नाही.

अध्यक्षांनी विचारलं, हे कोण? बाईंनी सांगितलं. त्यावर त्यांनी चारचौघांत निकाल दिला: बिल्ला खरा, पण आचाऱ्याचा नव्हे. लष्करी शिंपी खाकी दोरा वापरतो, हा बिल्ला कुणाच्या तरी बाहीवरून उसवून नंतर लावलेला आहे, तेव्हा चिठ्ठी काढा.

म्हणजे बाप चोर! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही. त्यांनी पर्समधून भिंग काढलं आणि बिल्ला उलटा करून अध्यक्षांपुढे धरला.

"भोकं बघा. उसवून पुन्हा शिवलं की भोकांच्या दोन ओळी होतात. जुन्या भोकांत नेमकी सुई घालणारा शिंपी अजून जन्माला यायचाय."

ओळ एकच होती, वाकडीतिकडी, आणि एकूण एक भोकात गोणीचा दोरा. अध्यक्षांनी घसा खाकरला. तरीपण, आचारी म्हणजे जरा... मंडळाला विचार करावा लागेल, असं काहीतरी ते पुटपुटले.

बाई सरळ मधल्या कपाटाशी गेल्या. तिथे अध्यक्षांच्या आजोबांचा बिल्ला होता, धुतलेला, कडक इस्त्रीचा. काचेवर भिंग टेकवून त्यांनी अध्यक्षांना जवळ बोलावलं.

"इथे दोन ओळी आहेत. मी सकाळीच पाहिल्या. कोट बदलला असेल, पुन्हा शिवला असेल, म्हणून गप्प बसले. उसवून पुन्हा शिवला म्हणजे चोरीचा, हे तुमचं म्हणणं, माझं नव्हे. आता बोला, कुणाची चिठ्ठी काढायची?"

कुणाचीच निघाली नाही. बाईंनी पेन मागून घेतलं, आणि वडिलांच्या नावापुढे ठळक अक्षरांत लिहिलं: आचारी.