नव्वद टक्क्यांचा बॅनर

माझा नवरा हितेंद्र राऊळ याच्या एका शिट्टीवर गणपतीत आमच्या मंडळाची रांग सरळ होते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तासन् तास उभी राहून चिडलेली माणसं, कडेवर रडणारी पोरं, ओळखी सांगून मध्येच घुसणारे पाहुणे, सगळ्यांना तो बरोबर जागेवर आणतो. हात उगारत नाही, शिवी देत नाही. हाच माणूस स्वतःच्या एकुलत्या एका मुलीला अर्धा तास पुस्तकापुढे बसवू शकत नाही. गेल्या वर्षी आकांक्षा दहावीला होती आणि या बापलेकीने मिळून माझे जे हाल केले, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

हितेंद्र लोअर परळच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. ती त्याची नोकरी. त्याचं आयुष्य म्हणजे आमच्या लालबागच्या गल्लीतलं मंडळ. आम्ही दोघं एकाच चाळीत वाढलो, लेझीमच्या पथकात जुळलं, त्यामुळे 'अहो' वगैरे मला कधी जमलंच नाही. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याला कुठलंही सुखदुःख एकट्याने करता येत नाही. नवा फ्रिज आला तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून दोन दिवस घराचं दार सताड उघडं होतं. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डाबाहेर मंडळाची अख्खी कमिटी बसून होती, आणि नर्स मला विचारत होती की तुम्ही नगरसेविका आहात का.

जानेवारीत प्रिलिमचा निकाल लागला. बाकीचे विषय कसेबसे तरले, बीजगणितात चाळीसपैकी आठ. पोरगी ढ नाही हो. कोरियन मालिकांतल्या झाडून सगळ्या पात्रांची नावं, त्यांची नाती, त्यांच्या आईबापांची भांडणं तिला तोंडपाठ आहेत. पण अभ्यासाचं पुस्तक उघडलं की तिला तहान लागते, मग भूक लागते, मग डोकं दुखतं. एक अख्खा रविवार तिने फक्त टाइमटेबल बनवण्यात घालवला. पाच रंगांची हायलायटर वापरून असं देखणं टाइमटेबल केलं की फ्रेम करून लावावं. अभ्यास मात्र सोमवारपासून.

"काय करतेयस?" मी विचारायचे.

"मम्मी, माइंडमॅप काढतेय ना. चिल."

जाऊन बघावं तर मध्ये एक सूर्यफूल, त्याच्या पाकळ्या भरणं चालू. मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला बसते. तिचा मोबाइल माझ्या कपाटात कुलूपबंद करून जायचे, दुपारी घरच्या फोनवर फोन करायचे. ती सांगायची, अभ्यास करतेय, आणि मागून टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी लग्नाची मागणी घालत असायचं. इकडे काउंटरवर पेशंट रिपोर्ट मागतायत आणि मी फोनवर दात-ओठ खातेय. माझंच ब्लडप्रेशर तपासायची वेळ आली होती.

मग हितेंद्र म्हणाला, "तू सोड आता. मी बघतो."

त्याला काम करण्याची एकच पद्धत माहीत, ती मंडळाची. त्याने ड्युट्या लावल्या. रघु नावाचा, मंडळाच्या बेंजो पथकात वाजवणारा एक इंजिनिअरिंगचा पोरगा सकाळी बीजगणिताला. समोरच्या कमलाबाईंना सांगितलं, आमच्या दाराकडे जरा लक्ष ठेवा, टीव्हीचा आवाज आला तर मला फोन करा. मजल्यावरच्या सगळ्यांना विनंती, संध्याकाळी आवाज कमी. रघु बिचारा वेळेवर यायचा. आकांक्षा त्याला चहा करून द्यायची, बेंजोच्या प्रॅक्टिसचा विषय काढायची, आणि वेळ संपेपर्यंत एक्स जिथल्या तिथे. उलट झालं असं की चाळीत जो तो तिला विचारायला लागला. "काय गो, झाला काय पोर्शन पुरा?" नळावर तेच, जिन्यात तेच. कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा मेथीची जुडी देता देता, "ताई, अल्जेब्रा कसा चाललाय?" पोरीने खाली जाणंच बंद केलं.

मी रघुला हात जोडले आणि मोकळा केला. मग सकाळी मी डब्याच्या चपात्या लाटायचे तेव्हा ओट्याशेजारच्या स्टुलावर तिला बसवायला लागले. अट एकच. एक गणित सोडवायचं आणि मला मोठ्याने समजावून सांगायचं. मला बीजगणितातलं ओ की ठो कळत नाही. मी आपली विचारायचे, "पण तो तिकडे गेल्यावर वजा का झाला? इथे तर अधिक होता." ती कपाळावर हात मारायची. "मम्मी, तुला एवढं पण कळत नाही? परत बघ." परत सांगायची. सांगता सांगता मध्येच थांबायची आणि स्वतःचीच चूक खोडायची. आम्ही रोज भांडायचो, चपात्या रोज करपायच्या. पण एका सकाळी तिने एक वर्गसमीकरण कुठेही न अडता शेवटपर्यंत नेलं आणि माझ्याकडे असं बघितलं की हे मी केलं? मला इतकं बरं वाटलं की मी काही बोललेच नाही, बोलून ते बिघडेल अशी भीती वाटली.

दारात हितेंद्र उभा होता, तोंडात ब्रश. त्याचे डोळे भरून आले होते. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दोन दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागला. 'दहावीच्या परीक्षेत ९०% च्या पुढे झेप घेणाऱ्या आमच्या लाडक्या कु. आकांक्षा हितेंद्र राऊळ हिला हार्दिक शुभेच्छा!' शेजारी तिचा फोटो, मामाच्या लग्नातला, नऊवारी आणि नथ. फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या मनाने तिचे ओठ गुलाबी केलेले. तिच्या फोटोपेक्षा मोठा फोटो मंडळाच्या नानांचा, खाली 'मार्गदर्शक'. त्याखाली कमिटीची मुंडकी ओळीने, आणि कोपऱ्यात गॉगल लावून हितेंद्र, नवरीचा बाप असावा तसा हात जोडून उभा, 'शुभेच्छुक'. आमच्याकडे वाढदिवसाला, नेमणुकीला, कुणी गावाला जाऊन परत आला तरी बॅनर लागतो. पण न दिलेल्या परीक्षेच्या न लागलेल्या निकालाचा बॅनर लावणारा माझा नवरा पहिलाच.

आकांक्षा क्लासहून आली. बॅग ठेवली. क्लासच्या ग्रुपवर तोपर्यंत तिच्या त्या गुलाबी ओठांचे स्टिकर फिरायला लागले होते. मुलींनी तिचं नाव 'झेप' ठेवलं होतं. तिने सगळी पुस्तकं उचलली, कॉटखालच्या ट्रंकेत टाकली आणि पोटमाळ्यावर जाऊन पडली.

"मी पेपरला बसणार नाही," ती वरून म्हणाली.

मला वाटलं, नाटक आहे, भूक लागली की उतरेल. उतरली, जेवली, परत वर गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हॉल तिकीट आलं ते फ्रिजवर पडून राहिलं. सकाळी स्टूल रिकामं. बापाशी तर एक शब्द नाही. तो आला की ही तोंड फिरवायची. परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती आणि जे थोडंफार रांगेला लागलं होतं, त्यावर या माणसाने पाणी फिरवलं होतं.

"उतरव तो बॅनर," मी म्हटलं.

"असा कसा उतरवू? नानांचा फोटो आहे त्याच्यावर."

नाना म्हणजे मंडळाचे सगळ्यांत जुने, गिरणीतून रिटायर झालेले. संध्याकाळी खुर्ची टाकून गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे आता नेमके त्या बॅनरखाली बसायचे. हितेंद्रला पोरवयात मंडळात त्यांनीच घेतलं. त्यांच्यापुढे तो अजून मान खाली घालून उभा राहतो.

"उर्मिला, तारखेआधी बॅनर उतरवला तर त्याच्यावरच्या सगळ्यांचा अपमान होतो. पेपर झाले की उतरवू ना."

"पेपरला बसली तर ना! तुला पोरगी हवीय की कमिटी?"

"मी चांगल्यासाठीच केलं गं."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. या वाक्यापुढे माणसाने करावं तरी काय? मी फोन उचलला आणि म्हटलं, मी पालिकेत तक्रार करते, माझ्याच मुलीचा बेकायदा बॅनर लागलाय म्हणून. त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला. मग स्वतःच पोटमाळ्याच्या शिडीपाशी जाऊन उभा राहिला.

"आकू, पप्पांनी प्रेमाने लावलाय गं."

वरून तिचा आवाज आला, रडून बसलेला.

"मला प्रिलिमला आठ पडलेत पप्पा. तुम्हाला माहितीय. मग ते नव्वद कोणाचे लावलेत?"

हितेंद्र शिडीला धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं आता परत 'चांगल्यासाठी' येणार. पण तो वळला, चपला घातल्या आणि खाली गेला. मी गॅलरीत धावले. त्याने मंडळाच्या खोलीतून लाकडी शिडी काढली होती. एरवी रघुला किंवा कुणाला तरी हाक मारली असती, आज एकटाच ती ओढत नेत होता. संध्याकाळची वेळ, गल्ली भरलेली. वर चढून त्याने पहिली दोरी सोडली तसे नाना खुर्चीतून उठले.

"अरे हितू, ह्या काय करतंस? पोरग्येची परीक्षा होवची आसा आणि आधीच बॅनर उतरयतंस? माझो फोटो आसा त्येच्यार!"

"माफ करा नाना," हितेंद्र वरूनच म्हणाला, आणि त्याचा आवाज तुम्हाला माहीत नाही, तो थेट भारतमाता थिएटरपर्यंत जातो. "माझी पोरगी प्रिलिमला गणितात नापास झालीय. आठ मार्क पडलेत तिला. नव्वद टक्के माझ्या डोक्यातले होते, तिने कधी म्हटलं नव्हतं. चूक माझी आहे."

मी गॅलरीत कपाळ बडवून घेतलं. अरे देवा, उतरव म्हटलं होतं, जाहीर कर म्हटलं नव्हतं! ज्यांना आठ मार्क माहीत नव्हते त्यांनाही आता कळले. नानांनी खुर्ची उचलली आणि ते घरी गेले. त्यानंतर कित्येक दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत, होळीच्या मीटिंगलाही त्याला निरोप आला नाही. मीटिंगच्या संध्याकाळी हा माणूस खिडकीत बसून खालचे आवाज ऐकत होता आणि मला त्याची दया येत होती, रागही येत होता.

पण ते पुढचं. बॅनर उतरला त्या संध्याकाळी मी गॅलरीतून आत वळले तर आकांक्षा माझ्या मागेच उभी. तिने सगळं ऐकलं होतं. आता काय फुटतंय, असं मला झालं.

"मम्मी, ह्यांना म्यूटचं बटणच नाहीये का?" ती म्हणाली. मग नाक पुसत म्हणाली, "उद्या सकाळी नळाला पाणी आलं की मला उठव."

यावरून पोरगी सुधारली असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी तीनदा हाक मारली तेव्हा उठली, स्टुलावर बसून अर्धा तास पेन्सिलीला टोक काढलं. माझं ओरडणं चालू, तिचं चिल चालू. पण पुस्तकं ट्रंकेतून बाहेर आली होती. हितेंद्रला मी सक्त ताकीद दिली होती की काही विचारायचं नाही, सुचवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. तो नुसता चहाचा कप तिच्यासमोर ठेवायचा आणि पाय न वाजवता निघून जायचा.

बीजगणिताच्या पेपरला सेंटर दादरला होतं. सुटायच्या वेळी आम्ही दोघं गेटसमोर उभे होतो, आजूबाजूला आमच्यासारख्याच पालकांची ही गर्दी. मी त्याला पुन्हा बजावलं, 'कसा गेला' हे तोंडातून काढलंस तर बघ. त्याने मान हलवली. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

मुलं बाहेर यायला लागली. ती दिसली. चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटलं माझ्याकडे येईल, पण ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, दोन गणितं सुटलीच नाहीत. बाकीचं लिहिलंय. चाळीसपैकी वीस-बावीस पडतील, जास्त नाही." मग त्याच्याकडे न बघता, "चालेल?"

वर्षभर मी या पोरीला आळशी म्हणत आले, निगरगट्ट म्हणत आले. कमी मार्क पडले तर चालणार नाही ही धास्ती ती वर्षभर पोटात घेऊन बसली होती, आणि मला घरात राहून ते दिसलं नव्हतं.

"चालेल," हितेंद्र म्हणाला. तिचा हात धरून तो तिथेच फूटपाथवर, सगळ्या पालकांच्या देखत, मोठ्याने रडायला लागला.

"पप्पा, लोक बघतायत," आकांक्षा म्हणाली. पण हात तिने सोडवून घेतला नाही.