दर रविवारचा ओवा

वीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळल्यावर ती कशी सांभाळायची हे शिकायला लातूरला जायचं, याचा मला भयंकर राग आला होता. नांदेडला आमचं रविवारचं मुलांचं पथक आहे. खेळ, गाणी, दोरीच्या गाठी, कधी जवळच्या टेकडीवर चढाई. आम्ही मोठी माणसं हौसेनं येतो. आता म्हणे बालसुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणाला मुलांजवळ फिरकू द्यायचं नाही. शनिवारची सुट्टी गेली, वर हजेरीवही सोबत आणायची. सकाळच्या एसटीत मी सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत होते.

शिकवणारी पोरगी माझ्या लेकीपेक्षा लहान. तरी तिनं सांगितलेलं मी मुकाट्यानं वहीत उतरवलं. मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. खोदून विचारू नका. गुपित ठेवायचं वचन देऊ नका. आणि 'आधी का नाही सांगितलंस?' हे तर कधीच विचारू नका. त्याखाली मी दोन रेघाही मारल्या. जेवणानंतर मला डुलकी लागत होती, तेव्हा ती म्हणाली, "मुलं सरळ सांगत नाहीत. डोकं दुखतं म्हणतात, पोट दुखतं म्हणतात. हजेरीवही उघडा. कुणाचं काय दुखतं, आणि कोणत्या दिवशी, ते बघा."

माझी झोप उडाली.

आमच्या पथकात दहा वर्षांची एक मुलगी आहे. बडबडी, नकलाकार. माझी नक्कल तर ती माझ्यासमोरच करते. पण घरी निघायची वेळ झाली की हिचं पोट दुखायचं. "मावशी, पोट दुखून राहिलंय. मी तुझ्यासंग येऊ?" मी म्हणायची, "नाटकं पुरे कर." मग तिच्या तळहातावर चिमूटभर ओवा आणि मीठ, वर दोन घोट पाणी, आणि दंडाला धरून गाडीत बसवायची. तिच्यासाठी माझ्या पर्समध्ये ओव्याची पुडी कायम असायची. मला त्याचं कौतुकही वाटायचं.

गाडी काकांची. काका म्हणजे मुलांचे, आमचे, सगळ्यांचेच काका. स्वतःच्या गाडीनं मुलांना घरोघर सोडतात. तिचं घर सगळ्यात शेवटी.

वहीत माझ्याच अक्षरात सात ठिकाणी लिहिलेलं होतं, 'पोटदुखी, ओवा दिला.' मधले दोन रविवार तेवढे कोरे होते. त्या दोन रविवारी काका भाचीच्या लग्नासाठी शिरूर अनंतपाळला होते आणि मुलांना मी रिक्षानं सोडलं होतं.

वही मी शिकवणाऱ्या पोरीपुढं ठेवली. तिनं एकेका तारखेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "यावरून काहीच सिद्ध होत नाही, मावशी. पण उद्या गाडी नको. कारण कुणाला सांगू नका. तिच्या आईला सांगून नुसत्या तिच्याजवळ बसा. बोलली तर ऐका आणि लगेच मला फोन करा. पुढं कुठं कळवायचं ते मी बघते."

परतीच्या एसटीत चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. पथकाच्या प्रमुखांना फोन करून उद्या गाडी नको म्हणाले, तर ते हसले. "काकांवर रुसलात की काय?" मी काहीतरी सांगून फोन ठेवला. मला सगळ्याचीच भीती वाटत होती. हे खोटं निघालं तर एका भल्या माणसाला मी मनातून काळं फासलं. खरं निघालं तर त्या पोरीला त्या गाडीत कोण बसवत होतं? लोह्याच्या पुढं गेल्यावर मी देवाला म्हणत होते, तिला खरंच पोटाचा आजार असू दे. दुसऱ्याच्या लेकरासाठी मी आजार मागत होते. इतकी मी घाबरले होते.

दिवेलागणीला तिच्या घरी पोचले. आईला म्हटलं, ही सारखी पोट दुखतंय म्हणते, जरा बसते तिच्यापाशी. आई दुधाचा चहा ठेवायला आत गेली. मुलगी पलंगावर पाय हलवत चित्र रंगवत होती. मला पाहून तिनं सवयीनं तळहात पुढं केला.

"आता ओवा न्हाई देणार," मी म्हटलं. "आणि उद्या ती गाडी पण न्हाई."

तिचे पाय हलायचे थांबले. "कधीच न्हाई?"

"तू त्या गाडीत बसणार न्हाईस."

ती खूप वेळ रंगाच्या पेटीचं झाकण उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "मी सांगितलं तर तू कुणाला सांगशील?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! जिभेवर आलंच होतं. "सांगावं लागंल," मी म्हटलं. "पण आधी तुला सांगून."

तिनं सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. मी ऐकत राहिले. तिचा हात माझ्या हातात होता. आणि तिचं बोलणं संपल्यावर, दोन रेघा मारून ठेवलेला तोच प्रश्न माझ्या तोंडून निघाला.

"आधी का नाही सांगितलंस गं, बाळा?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती रागावलीही नव्हती.

"सांगितलं की, मावशी," ती म्हणाली. "दर रविवारी."