समरकंदची तकलीफ

बडनेऱ्याला मला सोडायला माझ्या घरचं कुणी आलं नव्हतं, पण मैत्रिणीची आई आली होती. अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात त्या कित्येक वर्षं आया आहेत. ड्यूटी संपवून थेट स्टेशनवर आल्या, जवसाच्या चटणीचा डबा माझ्या बॅगेत कोंबला आणि गाडी हलायच्या आत खरं काम सांगितलं.

"फोनवर थे मले सगळं मस्त आहे म्हणते. पण माया पोरीचा आवाज मले समजते. तू डोळ्यानं पाहून ये. पोरगी खरंच डाक्टर होऊन राहिली, का तिथं नुसतीच राहून राहिली, थे मले येऊन सांग."

मी "हो काकू" म्हटलं आणि दिल्लीपर्यंत त्याच प्रश्नाचा विचार करत गेले. दिल्लीहून विमानानं समरकंदला जायचं होतं. माझी शाळेपासूनची मैत्रीण तिथं डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती, अकोल्याच्या एका मुलीबरोबर खोली घेऊन राहत होती. मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतरची सुट्टी होती.

शाळेत ती माझ्याच बाकावर बसायची आणि दर परीक्षेत माझ्यापुढं असायची. बारावीनंतर नीटच्या क्लाससाठी पुण्याला गेली. दुसऱ्याच आठवड्यात तिनं भर वर्गात हात वर केला आणि म्हणाली, "सर, हे मले समजून नाही राहिलं." सगळा वर्ग हसला. सरही हसले. दुसऱ्या दिवसापासून तिचं नावच 'मले' पडलं. त्यानंतर तिनं वर्षभर हात वर केला नाही आणि जे समजलं नव्हतं ते तसंच राहिलं. नीट थोडक्यात हुकली. मला त्या वर्गाचा आजही राग येतो आणि तो जावा असं मला वाटतही नाही. ती समरकंदला निघाली तेव्हा नातेवाईक म्हणाले, तिकडं काय, कुणीही डॉक्टर होते.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याच्याखाली हाडांचे तक्ते आणि खिडकीत वाळत घातलेले दोन पांढरे कोट. अकोलावाली बाजारात वाढलेली, तोंडानं फाटकी आणि मनानं सोन्याची. पहिल्याच दिवशी तिनं माझी उझबेकची शिकवणी घेतली. "सोपं आहे वो. आपलाच शब्द घे अन् तोंड गोल कर. बाजार बॉझॉर, किताब कितॉब, बीमार बेमॉर." अर्ध्या तासात मला वाटायला लागलं की मी तिथलीच. त्याच तोऱ्यात खाली गेले, दुकानदाराकडं एक किलो सब्जी मागितली आणि गाजरं घेऊन वर आले. तिथं सब्जी म्हणजे गाजर. अकोलावाली हसून हसून पलंगावरून खाली घसरली.

माझी मैत्रीण मात्र हसली नाही. जेवणातही तिचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी अकोलावालीला कोपऱ्यात घेतलं, तेव्हा खरं कळलं.

वॉर्डात पेशंटला त्यांच्या भाषेत विचारून दुखण्याची हकीकत काढायची आणि ती परीक्षक बाईंना सांगायची, अशी त्यांची परीक्षा असते. मागच्या महिन्यात ही पाठ केलेलं वाक्य विसरली आणि घाबरून तोंडातून घरचाच शब्द गेला. तिनं विचारलं, "निमा तकलीफ?" निमा म्हणजे काय, हे ठीक. पण त्यांच्याकडं तकलीफ म्हणजे आमंत्रण! सलाइन लावलेल्या माणसाला हिनं विचारलं, काय आमंत्रण आहे? वॉर्ड हसला, बाई हसल्या आणि ही गप्प झाली ती परीक्षा संपेपर्यंत. आता गुरुवारी दुसरी आणि शेवटची संधी होती. हुकली तर वर्ष वाया.

"थे म्हणते, हुकलं तं मी वापस चालली," अकोलावाली म्हणाली.

मग मी चार दिवस सोफ्यावर पेशंट होऊन पडले. ती दोन हात लांब उभी राहायची आणि पाढे म्हटल्यासारखं "कायेरिंगिझ ऑग्रियाप्ती?" म्हणायची. म्हणजे, कुठं दुखतंय? मी मुद्दाम वऱ्हाडीत भलतीच उत्तरं द्यायचे, ती गडबडायची, पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी माझं डोकं फिरलं.

"तुयी आई पेशंटले असं विचारते का वो? उभ्यानं?"

लहानपणी शाळा सुटली की आम्ही दोघी काकूंच्या वॉर्डात जाऊन बसायचो. काकू नव्या पोरींना शिकवायच्या, ते आम्ही दोघींनीही ऐकलेलं. "उभ्यानं विचारलं का पेशंट वरवरचं सांगते. बसून विचारलं का पोटातलं सांगते."

गुरुवारी उकाड्यामुळं वॉर्डाचं दार उघडंच होतं. अकोलावाली आणि मी समोरच्या बाकावर बसलो. खाटेवर एक म्हातारी होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, कपाळावर आठ्या. आधीच्या दोघा विद्यार्थ्यांना तिनं हो-नाहीपलीकडं काही दिलं नव्हतं. मग माझी मैत्रीण खाटेजवळ उभी राहिली. "कायेरिंगिझ..." म्हणाली आणि अडकली. पुढचं येईचना. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. आणि मग तोंडातून गेलंच.

"निमा तकलीफ, बुवी?"

बुवी म्हणजे आजी. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी अकोलावालीचं मनगट गच्च धरलं. संपलं, असंच वाटलं मला.

तेवढ्यात ती स्वतःच हसली. स्टूल ओढलं आणि म्हातारीच्या अगदी जवळ बसली. मग मोडकंतोडकं, थांबत थांबत बोलायला लागली आणि अकोलावाली माझ्या कानात त्याचं मराठी करत गेली. "बुवी, आमच्या गावात तकलीफ म्हणजे दुखणं. तुमच्याकडं आमंत्रण. मग बोलवा ना मला. जिथं दुखतं तिथं घेऊन चला."

म्हातारी अशी हसली की हसताना कळ आली म्हणून पोट धरलं आणि मैत्रिणीचा हात पकडून उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवला. "इथं ये, पोरी." त्यानंतर म्हातारी थांबेचना. तेलकट पुलाव खाल्ला की दुखतं, खांद्यापर्यंत चढतं, उलटी होते, सुनेला मुद्दाम सांगितलं नाही. पित्ताशयातल्या खड्यांची सगळी कहाणी तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितली. मैत्रिणीनं ती बाईंना नीट, न अडखळता सांगितली. बाई म्हणाल्या, "याख्शी." म्हणजे छान. मग चष्मा काढून म्हणाल्या, "या आजींनी एवढं मलाही सांगितलं नव्हतं."

मी भर व्हरांड्यात शिट्टी वाजवली. एका नर्सनं मला झापलं, तेही आनंदानं ऐकून घेतलं. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच निकालाचा वाटलेला नाही. ज्या बोलीवर वर्ग हसला होता, त्याच बोलीनं तिनं पेशंट बोलता केला. त्या पुण्याच्या वर्गाला तिथं उभं करून दाखवावं असं फार वाटलं. म्हातारीनं तर बजावलंच, दवाखान्यातून सुटले की घरी जेवायला यायचं, हे माझं तकलीफ.

अमरावतीला उतरले आणि बॅग घरी टाकून थेट काकूंच्या वॉर्डात गेले. त्या एका रिकाम्या खाटेची चादर बदलत होत्या. जो प्रश्न स्टेशनवर विचारला होता तो विचारायची आता त्यांना हिंमत होईना. चादरीकडं पाहतच म्हणाल्या, "तकलीफ तं नाही न तिले तिथं?"

मला हसू आवरेना. "आहे न काकू. लोकं तिले घरी बोलावून राहिले." आणि मग सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच तोंड उघडलं.

"बसून विचारलं तिनं?"

"बसून."

त्यांनी चादरीचं टोक गादीखाली खोचलं, हातानं सुरकुती काढली. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे बाबा डोळे मिटून पडले होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांनीही काही विचारलं नव्हतं. काकू त्यांच्याजवळ गेल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मायी पोरगी डाक्टर होऊन राहिली."