जोडसायकलीवरची डबल बेल

माझा मामा जन्मभर सिटी बस चालवत होता आणि मामी त्याच बसवर कंडक्टर होती. त्यांचं लग्न बसमध्येच जमलं, असं नातेवाईक गमतीनं म्हणतात, पण ते अगदी खरं आहे. तिनं घंटी द्यायची आणि त्यानं क्लच सोडायचा, यात इतकी वर्षं गेली की घरातही तोच कारभार सुरू झाला. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. जेवताना मामीनं वाटीवर चमचा एकदा वाजवला की मामा वाढायचा थांबायचा. दोनदा वाजवला की आणखी एक पळी. या दोघांना भांडतानासुद्धा फारसं बोलावं लागायचं नाही.

मग मामाचे डोळे गेले. पुरते गेले नाहीत, मधलं तेवढं गेलं. जिथं बघावं तिथं धुकं आणि आजूबाजूचं मात्र स्वच्छ. माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. "तुझं नाक कुठं ठेवून आलीस?" असं तो मला विचारायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. पण हा विनोद घरातल्या घरात. लायसन जमा करून आला, त्यानंतर तो बाहेर पडेना. रस्ता ओलांडायला कुणी हात पुढं केला की त्याचा पारा चढायचा.

"जन्मभर लोकांना पोचवलं. आता मला कुणी पार्सलसारखं न्यायचं नाही," असं म्हणून तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि खालून जाणाऱ्या बसचे गिअर आवाजावरून ओळखायचा. ड्रायव्हरला मनसोक्त शिव्याही द्यायचा. मामीला ती खुर्ची सवतीसारखी वाटायला लागली होती.

शेवटी तिनं शोध लावला. गावाबाहेरची एक जुनी रेल्वेलाइन बंद पडली होती. रूळ उचलून तिथं सायकलींसाठी रस्ता केला होता. आधी द्राक्षमळे, पुढं जंगल, आणि मोटारींना सक्त मनाई. मामीनं तिथली एक जोडसायकल भाड्यानं ठरवली. दोन सीट, दोन हँडल, चार पेडल. सोबतीला मला पकडलं आणि मामाला शेवटी सांगितलं.

मामानं खालून गेलेल्या बसचा गिअर ऐकून घेतला. मग म्हणाला, "येतो. पण एकदाच. नाही जमलं तर यापुढं मला या खुर्चीतून उठवायला यायचं नाही. कबूल?"

"कबूल," मामी ठसक्यात म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन माझा दंड घट्ट धरून उभी राहिली. मला कळलं, ही बाई सगळं पणाला लावून निघाली आहे.

सायकलवाल्याकडं पहिलीच ठिणगी पडली. पुढं बसणार मामी, कारण दिसतं तिला. मागं मामा. आणि घंटी मागच्या हँडलला.

"म्हणजे मी कंडक्टर?" मामा ओरडला.

"बढती मिळाली समजा," मामी म्हणाली. "द्या डबल बेल."

त्यानं दिली, पण अशी की जणू कुणी चिमटा काढून वाजवून घेतंय. टिंग टिंग. आणि आमची वरात निघाली. मी माझ्या सायकलीवर मागून येत होते आणि पहिल्या वळणापासून हसून हसून माझी पुरेवाट झाली. मामा पेडल मारतच नव्हता. पोत्यासारखा बसला होता आणि वर सूचना. "डावीकडं ठेव. अगं, ओव्हरटेक कुणाला करतेयस?" रस्त्यावर तर चिटपाखरू नव्हतं! उतार आला की त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा आणि सायकल डुलायची. वळणावर तो मागच्या रिकाम्या रस्त्याला हात दाखवायचा. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या रांगा होत्या, तोडणी जोरात चालली होती आणि पिकलेल्या द्राक्षांच्या आंबूस गोड वासानं नुसता श्वास घेऊनच डोकं हलकं व्हायला लागलं होतं. मामी लाल झाली होती, धापा टाकत होती, तरी म्हणत होती, "कसं छान वाटतंय ना?"

"मागं बसून सगळ्यांना छानच वाटतं," मामा म्हणाला.

मधेच माझी चेन उतरली. "पुढं व्हा, येते मी," म्हणून मी थांबले. ती बसवून, हात काळे करून मी पुढच्या वळणावर पोचले तर एका वाइनवाल्या बाईच्या शेडसमोर मामा एकटाच उभा. एका हातात द्राक्षांच्या रसाची बाटली, दुसऱ्या हातात दुसरी. जोडसायकल नाही. मामी नाही.

"मामी कुठाय?"

"गेली," मामा म्हणाला. "बस चुकली माझी."

झालं ते असं. मामा रस आणायला उतरला. मामी पाठमोरी, एक पाय पेडलवर ठेवून, तयारीत. शेडच्या दाराला घंटी टांगलेली होती. रस घेऊन बाहेर येताना मामानं दार उघडलं, टिंग. दार मागं आपटलं, टिंग. आणि मामीनं, जन्मभर जे दुसऱ्याला शिकवलं ते इमानानं पाळून, सायकल दामटली.

वाइनवाली बाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. "मी हाका मारल्या हो! पण त्यांचं बोलणं चालू होतं. 'आत्ता कुठं पेडल मारायला लागलात, बघा कशी पळतेय,' असं म्हणत गेल्या त्या."

मी मामाकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. आता हा चिडणार, घरी चला म्हणणार आणि ती खुर्ची जिंकणार. मामाचे ओठ थरथरले, खांदे हलायला लागले. मग तो असा हसत सुटला की एका बाटलीतला रस सदऱ्यावर सांडला. "मी नव्हतो म्हणून हलकी झाली, आणि बाईसाहेब माझं कौतुक करतायत!" बाईला हसू आवरेना, मला आवरेना, द्राक्षं तोडणारे लोकही काही न कळता हसायला लागले.

"चल," मामा म्हणाला आणि बाटल्या माझ्या हातात कोंबून चालायला लागला. एकटा. रस्त्याच्या बरोबर मधून. मी हात पुढं केला आणि वेळेवर मागं घेतला.

"इथं मला कोण धडकणार? ससा?" तो म्हणाला. "आला तर त्यानं हॉर्न द्यावा."

जंगल सुरू झालं. दोन्ही बाजूंना काळोखी झाडं आणि मधे फिकट पांढरी वाट. मामाची चाल वाढत गेली. मी दोन बाटल्या आणि सायकल सांभाळत मागून धावत होते. तेवढ्यात समोरून मामी आली, केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. मामानं थेट प्रवाशासारखा हात दाखवला. मामीनं करकचून ब्रेक मारला, उतरली आणि त्याच्या दंडावर गुद्दे घालायला लागली. "मी बोलतेय, बोलतेय, आणि मागं कुणी नाही! जीव गेला असता माझा!"

"डबल बेल झाली, गाडी सुटली. तुझी काही चूक नाही." मग तो थांबला आणि हळूच म्हणाला, "अगं, मी पुढं बसू?"

मामीचा हात उगारलेला तसाच राहिला.

"मधलं दिसत नाही मला. पण या कडा दिसतात. काळ्याकाळ्या, दोन्ही बाजूंना. रस्ता त्यांच्या मधेच असणार ना? वळण आलं तर तू सांग."

मामीनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं सायकल त्याच्यासमोर धरली.

मामा पुढं बसला. सीट हलवून बघितली, हँडलवर हात फिरवला, नसलेला आरसा नीट केला. ताठ झाला. मागं न बघता त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "सगळे बसले का?"

"बसले," मामी म्हणाली. तिनं घंटी दिली. टिंग. आणि तिचा अंगठा तिथंच थांबला. मामा हलला नाही. एका घंटीवर त्यानं कधी गाडी हलवली नव्हती. मामीनं डोळे मिटले आणि दुसरी दिली.

सायकल आधी डुलली, मग सरळ झाली, मग सुसाट. "डावीकडं थोडं… हां, सरळ!" मामी ओरडत होती, मामा कुठलंतरी गाणं चुकीच्या सुरात रेकत होता आणि या वेळी दोघंही पेडल मारत होते. मी जिवाच्या आकांतानं मागं.

जंगल संपलं तिथं सायकली परत करायचं दुकान होतं. एवढा मोठा पिवळा बोर्ड. सायकलवाल्याचा माणूस उठून उभा राहिला होता.

"शेवटचा स्टॉप आला का गं?" मामानं विचारलं.

मामीनं बोर्डाकडं बघितलं. त्या माणसाकडं बघितलं. घंटीवरचा अंगठा उचलून बाजूला घेतला.

"नाही," ती म्हणाली. "अजून लांब आहे."